सतरा हजार चेंडू आणि तोच स्कोअर: घरच्या गोल्फ-सरावात नेमकं काय राहून जातं?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. थोडक्यात तो असा: वय ४४, काम दिवसभर खुर्चीत बसून, हँडिकॅप (कोर्सच्या प्रमाण-स्कोअरपेक्षा साधारण किती स्ट्रोक जास्त लागतात तो आकडा) २२, कोर्सवर जाणं महिन्यातून दोनदा. गेले आठ महिने आठवड्यातले पाच दिवस घरी नेटमध्ये सात नंबरच्या आयर्नने रोज शंभर चेंडू. जवळ मॅट आहे, टोकाला गोळा असलेली लवचीक सराव-काठी आहे, मनगट वाकू न देणारा पट्टा आहे आणि शेवटाला चढ असलेली पटिंग मॅट आहे. व्हिडिओत स्विंग पूर्वीपेक्षा देखणा दिसतो. स्कोअर मात्र ९५ ते १०० यांच्यातच अडकलाय. सकाळी उठलं की कंबर धरलेली असते. आणि विचारताय की आता कोणतं साधन घेऊ, कोणता व्यायाम करू, म्हणजे नव्वदच्या आत येईन?

पाच दिवस, शंभर चेंडू, आठ महिने. हिशेब केला तर सतरा हजारांच्या पुढे जातो. म्हणजे मेहनत कमी पडली असं कुणी म्हणू शकणार नाही. माझ्या मते साधनही कमी पडलेलं नाही. या सतरा हजारांतल्या जवळजवळ एकाही चेंडूने तुम्हाला उत्तर दिलेलं नाही, अडचण ती आहे. चेंडू सुटला, नेटने गिळला, तुम्ही पुढचा ठेवला. तो उजवीकडे गेला असता की डावीकडे, क्लबच्या मध्यावर लागला की टोकावर, चेंडूआधी मॅट लागली की नाही, यातलं काहीच कळलं नाही. तुमच्या प्रश्नाकडे मी 'घरी काय घेऊ' असं न बघता 'घरी बसून उत्तर कुठून मिळवू' असं बघते आहे.

आधी एक कबुली. तुमचे स्ट्रोक कोर्सवर कुठे वाया जातात हे मला माहीत नाही, आणि प्रश्नावरून वाटतं की तुम्हालाही नेमकं माहीत नाही. त्यावर पुष्कळ काही अवलंबून आहे. २२ हँडिकॅपचे दोन खेळाडू एकमेकांपासून पार वेगळे असतात. एक जण ड्रायव्हरने (सगळ्यात लांब मारायच्या क्लबने) फेरीत चार चेंडू हरवतो आणि बाकी ठीक खेळतो. दुसऱ्याचा एकही चेंडू हरवत नाही, पण तो ग्रीनपासून (भोकाभोवतीच्या बारीक कातरलेल्या हिरवळीपासून) वीस मीटरवर आला की तिथून चार स्ट्रोक घेतो. दोघांना एकच सराव सांगितला तर एकाचा वेळ फुकट जाईल. म्हणून पुढच्या दोन फेऱ्यांत स्कोअरकार्डाच्या कडेला चारच गोष्टी लिहा: दंडाचे स्ट्रोक, नीट न लागलेले फटके (टॉप झालेले, म्हणजे चेंडूच्या वरच्या भागावर लागलेले, किंवा आधी जमीन लागलेले), ग्रीनजवळून एका फटक्यात ग्रीनवर न चढलेले चेंडू, आणि ग्रीनवर तीन पट (भोकाकडे घरंगळवलेले फटके) लागलेले होल. फेरी संपल्यावर आठवून लिहू नका, त्या त्या होलवरच लिहा. आठवण आपल्याला एखादा चुकलेला छोटा पट सांगते आणि झाडीत गेलेले दोन ड्राइव्ह विसरते.

पटिंगबद्दल एक समज फार पक्का आहे: स्कोअर म्हणजे पटिंगच. कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी फटक्या-फटक्याची आकडेवारी लावून 'स्ट्रोक्स गेन्ड' (एखाद्या फटक्याने सरासरीच्या तुलनेत किती स्ट्रोक वाचले) ही पद्धत मांडली आणि पीजीए टूरने, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेने, २०११पासून पटिंगसाठी ती वापरायला घेतली. त्या हिशेबातून निघालं ते असं की, चांगल्या आणि कमी चांगल्या खेळाडूतला साधारण दोन-तृतीयांश फरक १०० यार्डांच्या पलीकडून मारलेल्या फटक्यांत असतो. तरीही मी तुम्हाला घरी पटिंगच सगळ्यात जास्त करायला सांगणार आहे. कारण साधं आहे. लांब फटक्याचं उत्तर घरात मिळत नाही, पटचं बऱ्यापैकी मिळतं.

आता साधनांकडे. बाजारातल्या साधनांचे माझ्या मनात दोनच गट आहेत: सांगणारी आणि धरून ठेवणारी. चेंडू क्लबच्या तोंडावर कुठे लागला हे दाखवणारा कागदी स्टिकर हे सांगणारं साधन. जमिनीवर ठेवलेली रंगीत काठी, आरसा, मीटरपट्टी, फोनचा कॅमेरा हीसुद्धा सांगणारीच. मनगटाचा पट्टा, दोन हातांच्या कोपरांमध्ये अडकवायचा चेंडू, दंड छातीशी बांधणारा पट्टा ही धरून ठेवणारी. साधन अंगावर असेपर्यंत ती तुमच्याकडून हालचाल बरोबर करवून घेतात. काढलं की शरीर जुन्या वाटेने जातं, कारण चूक होऊ न देण्याचं काम पट्ट्याने केलं होतं, तुम्ही नाही.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकले. शिकवायला लागल्यावर पहिल्या काही वर्षांत एका विद्यार्थ्याला मी असाच चेंडू कोपरांमध्ये अडकवून महिनाभर मारायला लावलं. तो अडकवून असा सुरेख मारायचा की बाकीचे थांबून बघायचे. मग एका स्पर्धेत पहिल्याच टीवर (होल जिथून सुरू होतो त्या जागी) त्याने चेंडू टॉप केला आणि माझ्याकडे बघून हात पसरले: "तो चेंडू नाहीये ना!" त्याला वाईट वाटलं, मला जास्त. तेव्हापासून धरून ठेवणारं साधन मी देते ते फक्त 'योग्य स्थिती कशी लागते' याची चव देण्यासाठी. पट्टा लावून तीन संथ स्विंग, मग काढून तीन, आणि काढलेले तीन चेंडूसह. तुमचा मनगटाचा पट्टा फेकू नका, पण तो लावून शंभर चेंडू मारणं आजपासून बंद करा.

नेटचं काय करायचं? नेट वाईट नाही, ते मुकं आहे. त्याला बोलतं करता येतं. त्यासाठी चेंडू कसा उडतो हे दोन ओळींत समजून घ्या. चेंडू सुरुवातीला कोणत्या दिशेला निघतो हे मुख्यतः क्लबफेस (चेंडूला लागणारी क्लबची सपाट बाजू) कुठे बघतोय यावर ठरतं. आयर्नच्या बाबतीत साधारण तीन-चतुर्थांश वाटा फेसचा, ड्रायव्हरच्या बाबतीत त्याहून जास्त. नंतर तो हवेत कुठे वळतो हे फेस आणि क्लबचा मार्ग यांच्यातल्या फरकावर ठरतं. यातली दुसरी गोष्ट नेटमध्ये कळणार नाही, ती सोडून द्या. पहिली कळते. नेटवर तुमच्या लक्ष्याच्या रेषेत एक जाड फीत उभी लटकवा आणि चेंडू फितीच्या कोणत्या बाजूला आदळतो ते बघा. नेट दोन मीटरवर असेल तर निघण्याच्या दिशेतली ३ अंशांची चूक तिथे जेमतेम १० सेंटिमीटर दिसते. हीच चूक १४० मीटरवर ७ मीटरच्या पुढे जाते, म्हणजे ग्रीनऐवजी बंकर (वाळूचा खड्डा). म्हणून फितीला 'लागल्यासारखंच' म्हणू नका, हाताच्या पंजाएवढं अंतर म्हणजे पुष्कळ.

दुसरी गोष्ट, आणि माझ्या लेखी घरच्या सरावातली सगळ्यात मोलाची: चेंडू फेसवर कुठे लागतो. पायाला मारायच्या पावडरचा स्प्रे क्लबफेसवर पातळ मारा किंवा पांढऱ्या बोर्डवर लिहायच्या पेनने चेंडूच्या मागच्या बाजूला ठिपका काढा. आदळल्यावर खूण फेसवर उमटते. दहा चेंडू मारा आणि खुणा बघा. हँडिकॅप वीसच्या पुढे असलेल्या खेळाडूंच्या खुणा बहुतेक वेळा फाकलेल्या बोटांसारख्या पसरलेल्या असतात, एक हीलला (फेसच्या दांड्याजवळच्या भागाला), एक 'टो'ला (फेसच्या बाहेरच्या टोकाला), एक खालच्या कडेला. स्विंग कितीही देखणा असला तरी अशा खुणांनी अंतर रोज वेगळंच येणार. ड्रायव्हरच्या बाबतीत तर हीलकडे लागलेला चेंडू उजव्या हाताच्या खेळाडूसाठी उजवीकडे वळायला मदत करतो. मग माणूस आपला 'स्लाइस' सुधारायला ग्रिप बदलतो, खांदे बदलतो, आणि मूळ दुखणं असतं चेंडूच्या दोन सेंटिमीटर जास्त जवळ उभं राहण्यात!

खुणा एकाच बाजूला जमा होत असतील तर आनंदाने उडी मारा. एकाच बाजूची चूक सुधारणं सोपं असतं. सगळ्या हीलकडे असतील तर चेंडूच्या बाहेर, दोन बोटांवर, एक रिकामी पुठ्ठ्याची पेटी ठेवा आणि तिला न लागता मारा. क्लब पेटीला लागला की लगेच कळतं. सगळ्या 'टो'कडे असतील तर पेटी आतल्या बाजूला. हेही सांगणारंच साधन, आणि घरात पडलेलं.

तिसरी गोष्ट मॅटची. मॅट तुमच्याशी गोड खोटं बोलते. गवतावर चेंडूच्या आधी पाच सेंटिमीटर जमीन लागली तर क्लब रुततो आणि चेंडू अर्ध्या वाटेत पडतो. मॅटवर तोच क्लब घसरून पुढे जातो आणि चेंडू छान सुटल्यासारखा वाटतो. सतरा हजार चेंडूंपैकी किती असे होते कोण जाणे. उपाय: चेंडूच्या मागे साधारण दहा सेंटिमीटरवर घडी घातलेला टॉवेल ठेवा. क्लब टॉवेलला लागला तर तो फटका कोर्सवर वाया गेला असं समजा, चेंडू नेटमध्ये कितीही जोरात आदळला असला तरी. कोर्सवर गेलात की सरावाच्या जागी गवतावर एक रेघ ओढा आणि चेंडूशिवाय स्विंग करा: डिव्हट (क्लबने उडवलेल्या गवताची खाच) रेघेच्या पुढच्या बाजूला सुरू व्हायला हवा.

मॅटबद्दल आणखी एक. कडक, पातळ मॅटवर रोज शेकडो चेंडू मारले की तो धक्का कोपरात जातो. मी स्वतः एका हंगामात हे केलंय आणि नंतर सहा आठवडे किटली उचलतानाही कळ यायची. कोपराच्या आत किंवा बाहेर दुखायला लागलं तर चेंडूंची संख्या लगेच निम्म्याने कमी करा, मॅटखाली फोम घाला, आणि थांबत नसेल तर फिजिओथेरपिस्टला दाखवा. 'सवय होईल' हा सल्ला कोपर ऐकत नाही.

चेंडूंची संख्या तर तशीही कमी करायची आहेच. तुम्ही एकाच क्लबने, एकाच जागेवरून, एकामागून एक शंभर मारता. साठाव्या चेंडूपर्यंत हात असा बसतो की वाटतं, जमलं. पण कोर्सवर तोच फटका सलग दोनदा मारायची वेळ क्वचित येते. १९७९मध्ये शे आणि मॉर्गन या दोन संशोधकांनी हाताच्या साध्या हालचाली लोकांना शिकवल्या. काहींना एकेक हालचाल सलग, काहींना सरमिसळ करून. सरावाच्या वेळी सलग करणारे पुढे होते. नंतर चाचणी घेतली तेव्हा सरमिसळ करणाऱ्यांनी जास्त लक्षात ठेवलेलं निघालं. पुढे गोल्फसह अनेक खेळांत ही कल्पना वापरली गेली, आणि माझा अनुभवही तसाच आहे, एका अटीसह: अगदी नवी हालचाल शिकताना पहिले काही दिवस सलगच चालतं. तुम्ही मात्र सात नंबरच्या आयर्नमध्ये नवखे नाही.

म्हणून शंभरऐवजी तीस. आणि ते तीस मनातल्या मनात कोर्स खेळत. पहिला होल: ड्रायव्हर, मग सहा नंबर, मग वेज (आखूड अंतराचा क्लब). दरवेळी चेंडूच्या मागे जाऊन उभे राहा, फितीकडे बघा, एक सराव-स्विंग, मग मारा. प्रत्येक चेंडूनंतर फीत आणि फेसवरची खूण बघायची, पुसायची. तीस चेंडूंना अर्धा तास लागला पाहिजे. पहिल्या आठवड्यात तुम्ही वाईट माराल आणि 'ही बाई काय सांगतेय' असं वाटेल. वाटू द्या.

मारताना मनात काय ठेवायचं याबद्दल थोडं. गॅब्रिएले वुल्फ आणि सहकाऱ्यांनी १९९९मध्ये नवख्यांना छोटे पिच फटके शिकवले. ज्यांना क्लबच्या हालचालीकडे लक्ष द्यायला सांगितलं ते, स्वतःच्या हातांकडे लक्ष देणाऱ्यांपेक्षा जास्त अचूक निघाले. म्हणून 'डावा कोपर सरळ, उजवा गुडघा असा' अशी यादी डोक्यात घेऊन चेंडूसमोर उभे राहू नका. त्याऐवजी 'क्लब टॉवेलच्या पुढे उतरव' किंवा 'चेंडू फितीकडे पाठव' एवढंच. व्हिडिओ काढाच, पण आठवड्यातून एकदा, आणि कॅमेरा दरवेळी एकाच जागी: मागून घेताना हातांच्या उंचीवर, चेंडू आणि लक्ष्य यांच्या रेषेला समांतर. कॅमेरा थोडा डावीकडे सरकला तरी क्लबचा मार्ग वेगळा दिसतो, आणि माणूस नसलेली चूक सुधारायला बसतो.

आता पटिंग. भोकाचा व्यास १०.८ सेंटिमीटर, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत ५.४. तीन मीटरवरून सपाट पट मारताना चेंडू फक्त १ अंश चुकीच्या दिशेला निघाला तर तिथे पोचेपर्यंत तो ५.२ सेंटिमीटर सरकलेला असतो, म्हणजे कडेवर. दोन अंश चुकला तर प्रश्नच मिटला. घरात मापायची गोष्ट ही, चेंडू रेषेत निघतोय का. एक मीटरची स्टीलची पट्टी जमिनीवर ठेवा, चेंडू तिच्या एका टोकावर, आणि पट्टीवरून न पडता दुसऱ्या टोकाला जाईल असा पट मारा. पहिल्या दिवशी दहांत तीनच शेवटपर्यंत जातील. पट्टीला दया-माया नसते. पट्टी नसेल तर चेंडूच्या पुढे अर्ध्या मीटरवर दोन नाणी, मध्ये चेंडू जेमतेम जाईल इतकी फट. टायगर वूड्स पटरच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना दोन टी (चेंडू ठेवायच्या खुंट्या) रोवून त्या फटीतून पटर फिरवत सराव करतो हे अनेकांनी पाहिलं आहे. तेही करा, म्हणजे चेंडू पटरच्या मध्यावर लागतोय का तेही कळेल.

आरसा हे चांगलं साधन, पण त्याला दोन मिनिटं पुरे. डोळे चेंडूच्या वर किंवा किंचित आतल्या बाजूला आहेत का, खांदे रेषेला समांतर आहेत का, एवढं बघा आणि बाजूला ठेवा. डोळे नेमके चेंडूवरच हवेत असा हट्ट मी धरत नाही. आज आत, उद्या बाहेर असं होऊ नये, एवढंच.

चढ असलेल्या पटिंग मॅटबद्दल मात्र माझं मत कडवट आहे. चेंडू परत यावा म्हणून चढ दिलेला असतो, आणि त्या चढावर चढवण्यासाठी तुम्ही प्रत्येक पट गरजेपेक्षा जोरात मारता. आठ महिने हा जोर हातात बसला की कोर्सवर पहिल्या ग्रीनवर चेंडू दीड मीटर पुढे जातो, आणि परतीचा पट चुकला की झाले तीन. चढाचा भाग दुमडून टाका किंवा गालिच्यावर मारा. ग्रीनचा वेग कोर्सागणिक आणि दिवसागणिक बदलतो. तो मोजायला एडवर्ड स्टिम्पसनने १९३५मध्ये एक खाचेची पट्टी बनवली आणि आजही स्टिम्पमीटर नावाने तीच कल्पना वापरतात: ठराविक उतारावरून सोडलेला चेंडू किती फूट गेला, तो त्या ग्रीनचा वेग. तुमचा गालिचा त्या दिवशीच्या ग्रीनशी जुळण्याची शक्यता नगण्य. म्हणून घरी 'किती जोर' हे पाठ करू नका, 'वेगवेगळं अंतर ओळखणं' शिका. एक, दोन, तीन, चार मीटरवर नाणी ठेवा, क्रम मनात येईल तसा बदला, आणि पट मारल्यावर वर बघण्याआधी सांगा: आखूड की लांब? मग बघा. पंधरा दिवसांत तुमचा अंदाज आणि चेंडू जुळायला लागतील. कोर्सवर पोचल्यावर पहिल्या टीआधी दहा मिनिटं लांबचे पट मारा, भोकाकडे न बघता ग्रीनच्या कडेपर्यंत, फक्त त्या दिवसाचा वेग हातात घेण्यासाठी.

आणि छोटे पट चुकले म्हणून स्वतःला कोसू नका. पीजीए टूरचे खेळाडूसुद्धा आठ फुटांवरून साधारण निम्मेच पट घालतात.

शरीराबद्दल. इथे सगळ्यात जास्त 'अवलंबून आहे'. कंबरेचं दुखणं पायात उतरत असेल, मुंग्या येत असतील, रात्री झोपेतून उठवत असेल तर पुढचा परिच्छेद वाचायच्या आधी डॉक्टरांकडे जा. नुसती आखडत असेल तर ती बहुतेक दुसऱ्याचं काम करतेय. कंबरेच्या मणक्यांना वळणं फारसं जमतच नाही, सगळे मिळून एका बाजूला जेमतेम १०-१५ अंश. स्विंगचं वळण यायला हवं पाठीच्या वरच्या भागातून आणि खुब्यांतून. आठ-दहा तास खुर्चीत बसून हे दोन्ही भाग गंजतात, आणि वळण कंबरेकडून मागून घेतलं जातं. त्यात रोजचे शंभर चेंडू.

स्वतःला तपासा. खुर्चीत सरळ बसा, गुडघ्यांमध्ये उशी दाबून धरा, क्लब छातीवर आडवा, आणि दोन्हीकडे वळा. ढोबळमानाने ४५ अंश, म्हणजे क्लब कोपऱ्याकडे रोखला गेला पाहिजे. मग उशी ठेवूनच गुडघे न हलवता एकेक पाऊल बाहेरच्या बाजूला उचला. दोन्ही पावलं सारखी जातात का? उजव्या हाताच्या खेळाडूचा डावा खुबा फटक्यानंतर असाच आत वळावा लागतो. तो वळत नसेल तर जगातलं कोणतंही साधन तुमचा फॉलो-थ्रू सुधारणार नाही. एखादी बाजू कमी पडली की दुखण्याचा आणि फटक्याचा धागा एकाच ठिकाणी सापडतो. असं मी इतक्या वेळा बघितलंय की आता नव्या विद्यार्थ्याला क्लब द्यायच्या आधी खुर्ची देते.

करायचं काय? रोज पाच-सात मिनिटं: कुशीवर झोपून, गुडघे दुमडून, वरचा हात पुस्तक उघडल्यासारखा मागे नेणं, जमिनीवर बसून दोन्ही गुडघे एकाच बाजूला टेकवून मग दुसऱ्या बाजूला वळवणं, आणि क्लब पाठीला लावून खुब्यातून वाकणं. या शेवटच्यात डोक्याची मागची बाजू, पाठ आणि माकडहाड हे तिन्ही क्लबला टेकलेले राहिले पाहिजेत. चेंडूसमोर उभं राहायची पोझ तीच असते, त्यामुळे व्यायाम आणि सराव एकातच होतो. आठवड्यातून दोनदा ताकदीचे व्यायाम: स्क्वॉट, वजन धरून खुब्यातून वाकणं, ओढण्याचा एखादा प्रकार, कुशीवरचा प्लँक. सुरुवात हलक्या वजनाने. दक्षिण आफ्रिकेचा दिग्गज गोल्फर गॅरी प्लेअर वजनं उचलायचा तेव्हा गोल्फच्या जगात त्यावर नाकं मुरडली जायची; २०२०मध्ये अमेरिकन गोल्फर ब्रायसन डीशाम्बोने अंग कमावून यूएस ओपन जिंकली तेव्हा तो विषयच संपला. तुम्ही त्याच्यासारखं अंग कमवा असं मी म्हणत नाही. ताकद असेल तर अठराव्या होलवर पाय पहिल्या होलइतकेच स्थिर राहतात, मला त्याच्याशी मतलब.

वेग वाढवणाऱ्या हलक्या-जड काठ्यांचा संच आजकाल सगळे विचारतात. त्या उपयोगाच्या आहेत. ड्रायव्हरच्या वेगात ताशी एक मैल वाढला की चेंडू साधारण अडीच यार्ड पुढे जातो, हा ठोकताळा बरोबर बसतो. पण तुमच्या कंबरेची ही अवस्था आणि फेसवरच्या खुणा पसरलेल्या असताना वेग वाढवणं म्हणजे चुकीचा पत्ता लवकर गाठणं. निदान तीन महिने ताकदीचे व्यायाम झाल्यावर त्याकडे या, आणि दोन सत्रांत किमान दोन दिवस अंतर ठेवा.

तुमच्याकडची गोळ्याची लवचीक काठी मात्र मला आवडते. चांगल्या खेळाडूंच्या स्विंगमध्ये मागे जाण्याचा वेळ आणि खाली येऊन चेंडूला लागण्याचा वेळ यांचं प्रमाण साधारण तीनास एक असतं, आणि ही काठी घाई केली की हातात वेडीवाकडी डोलून लगेच सांगते. सकाळी दहा स्विंग, सरावाआधी दहा. फक्त फेरी चालू असताना ती बाहेर काढू नका, नियम ४.३नुसार फेरीत सराव-साधनाने स्विंग केलं किंवा दिशा दाखवणारी काठी जमिनीवर ठेवली तर दंड बसतो, आणि स्ट्रोक प्लेमध्ये तो दोन स्ट्रोकचा असतो. खेळाआधी अंग मोकळं करताना एक मिनिट ताणून धरण्याचे प्रकारही टाळा, त्याने तात्पुरता जोर कमी होतो. हातपाय फिरवा, भराभर चाला, अर्ध्या जोराचे काही स्विंग करा.

आठवडा साधारण असा लावा: तीन दिवस वीस मिनिटं पट्टी आणि नाणी, दोन दिवस तीस चेंडू फीत, टॉवेल आणि पावडरसह, दोन दिवस ताकद. खुब्यांचा आणि पाठीचा व्यायाम रोज. चार ओळींच्या नोंदीत ग्रीनजवळचे फटके जास्त निघाले तर तीस चेंडूंपैकी दहा फोमच्या चेंडूने चिप करा (ग्रीनजवळचा छोटा, बुटका फटका), तीन पावलांवर पसरलेल्या टॉवेलवर पहिला टप्पा पडेल असे. दंडाचे स्ट्रोक जास्त निघाले तर घरचा सराव तेवढ्याने बदलू नका, कोर्सवरचा टीवरचा क्लब बदला.

नवं साधन घ्यायचंच असेल तर वर सांगितलेली पट्टी आणि पावडर आधी घ्या, आणि दोन दिशा-काठ्या. चेंडूचा वेग मोजणारं लहान रडार नंतर, आणि तेही हे समजून की अशी उपकरणं सगळंच मोजत नाहीत, बरंच काही अंदाजाने काढतात.

नव्वदच्या आत कधी याल हे मी सांगू शकत नाही. मात्र या शनिवारी एक करा. सात नंबरचा क्लब, फेसवर पावडर, मागे टॉवेल, दहा चेंडू. प्रत्येकानंतर खूण कुठे आणि टॉवेल लागला का, ते कागदावर. मग तो कागद मला सांगा. खुणा हीलकडे असतील तर मी तुम्हाला चेंडूपासून किती दूर उभं राहायचं ते सांगेन, टॉवेल पाचपेक्षा जास्त वेळा लागला असेल तर सध्या नेट बाजूला ठेवून वजन डाव्या पायावर नेण्याचं बोलू, आणि खुणा मध्यावर असतील तर मग तुमचा स्विंग ठीक आहे आणि आपल्याला तुमच्या ड्रायव्हरकडे बघावं लागेल.